स्टिअरिंग वाकडे, दोष कोठे?

जालना जिल्ह्यातील पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी आता जीप, पिकअप अथवा लहान मोटार उभी असते, व तिची किरकोळ दुरुस्ती अंगणातच होते. ही गोष्ट आम्ही स्तुत्य समजतो. जो आपले अवजार स्वतः खोलून पाहतो तो त्याची निगाही अधिक राखतो. परंतु अशा दुरुस्तीनंतर एक तक्रार हटकून ऐकू येते, ती अशी की, गाडी सरळ धावते पण स्टिअरिंगचे चाक वाकडे राहते. त्यावर अनेकांचा उपाय एकच: मधला नट सोडून चाक उपसावयाचे व सरळ करून पुन्हा बसवावयाचे. हा उपाय बहुतेक प्रसंगी चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बैलगाडी एका अंगास ओढू लागली असता शहाणा गाडीवान कासरा आखडून तिला तशीच हाकीत नाही. तो खाली उतरून आधी कणा व चाके पाहतो. मोटारीसही हाच न्याय लागू आहे. टाय रॉडचे टोक बदलताना ते पूर्वीपेक्षा दोन आटे कमी-अधिक फिरले, तर त्या बाजूचे चाक किंचित आत वा बाहेर वळते. पुढे रस्त्यावर दोन्ही चाके तो फरक आपसांत वाटून घेतात, आणि वाकडेपणा चालकाच्या हातात दिसतो. चाक १ अंश वळण्यास स्टिअरिंग सुमारे १५ ते २० अंश फिरावे लागते. म्हणून खाली अल्प असलेली चूक वर मोठी होऊन दिसते.

तेव्हा शोध क्रमाने करावा. प्रथम चारही टायरांतील हवा योग्य भरावी व सपाट रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. आपल्या रस्त्यांस कडेकडे उतार असतो, त्यामुळे डावीकडे थोडी ओढ दिसली तर तिला दोष मानू नये. नंतर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावे व बरोबर अर्ध्यावर आणावे. तेथे ते सरळ असेल, तर दोष बहुधा खाली टाय रॉडमध्ये आहे. तेथेही वाकडे असेल, तर दांड्याचा सांधा खोलून जोडताना चुकला असावा. पुढे सर्व ठीक आढळल्यास मागे पाहावे. मोसंबी वा कापूस वाहणाऱ्या पिकअपच्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटला, तर मागचा आस सरकतो व गाडी तिरकी चालते. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंस मोजले असता हा दोष उघड होतो.

चाकांचा एकूण कल बरोबर असेल, तर एक टाय रॉड जितका लांबवावा तितकाच दुसरा आखडावा. स्टिअरिंग सरळ येते. परंतु एकूण कलच बिघडला असल्यास वरचे चाक सरळ करणे म्हणजे रोग झाकणे होय. ६५० मिलिमीटर व्यासाच्या टायरांत पुढल्या व मागल्या कडांच्या अंतरात ३ मिलिमीटरांची चूक राहिली, तर दोन्ही टायर मिळून दर किलोमीटरास सुमारे साडेचार मीटर आडवे घासतात. शिवाय एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या चाकामागे तारेची नाजूक गुंडाळी असते. बेफाम उपसण्याने ती तुटल्यास अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडेलच अशी खात्री उरत नाही.

कोणी म्हणेल, गाडी सरळ जाते ना, मग चाक वाकडे असले म्हणून काय बिघडले? ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाला, व तो जालन्यावरून जातो. तेथे मोटारीस तासाला १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. म्हणजे एका सेकंदात ती ३३ मीटर धावते. दुरुस्तीनंतर एकदाच दिसलेला व स्थिर राहिलेला वाकडेपणा हा मापाचा दोष असू शकतो. परंतु दिवसेंदिवस वाढणारा वाकडेपणा टाय रॉडचा नट ढिला झाल्याची सूचना असू शकतो. अशा गाडीने महामार्गावर पाऊलही टाकू नये.

आमची विनंति इतकीच की, घरची दुरुस्ती सोडू नका, पण ती मापाने करा. खोलण्यापूर्वी रंगाची खूण करा, आटे मोजून वहीत लिहा, आणि स्टिअरिंगच्या कोणत्याही भागास हात लावल्यानंतर गाडी चाके जुळविण्याच्या यंत्रावर नेल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नका. त्या यंत्राचा खर्च टायरांच्या एका जोडीहून कमीच येतो. पेरणीत तिफण तिरकी गेली तर पुढल्या वर्षी सुधारता येते. भरधाव मोटारीत ती सवड मिळत नाही.