डोक्यात कर्लर, भिंतीवर तीन बदकं

ब्रिटनमध्ये ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही टीव्ही मालिका ९ डिसेंबर १९६०पासून चालू आहे. नवे भाग येतच असतात, तरी आयटीव्ही३ वाहिनीने २०१७मध्ये १९८६पासूनचे जुने भाग लावले आणि चाहते पुन्हा त्या गल्लीत रमले. ही गल्ली ज्या गावात आहे ते, टोनी वॉरनने चोविसाव्या वर्षी रचलेलं काल्पनिक वेदरफील्ड, सॅलफर्डच्या कामगारवस्तीवर बेतलेलं. एकमेकींना खेटलेली विटांची घरं आणि कोपऱ्यावर ‘रोव्हर्स रिटर्न’ पब.

त्या पबची झाडलोट करणारी हिल्डा ऑग्डेन पाहावी. रुमालाखाली कर्लर, जिभेवर सगळ्या गल्लीच्या खबरा, आणि घरातल्या निसर्गचित्राच्या भिंतीवर उडणारी तीन बदकं, त्यातलं एक बहुधा तिरकंच! अभिनेत्री जीन अलेक्झांडरने तिला हास्यास्पद होऊ दिलं, केविलवाणं कधीच नाही. १९८७च्या नाताळात ती गल्ली सोडून गेली. तो निरोप, पुनःप्रसारण धरून, अडीच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

जुने भाग आता पाहणाऱ्याला ती जाणार हे ठाऊक असतं. म्हणून तर तिची साधी कुरबुरही कान देऊन ऐकली जाते. आमचं मत विचाराल तर या मालिकेतल्या मोठ्या अपघातांपेक्षा पबमधली बाचाबाचीच अधिक रंगते.