एजंटाने नोंद सुचवावी, मंजूर करू नये

प्रति,
मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख, पुणे



सातबारा, आठ-अ आणि फेरफार ऑनलाइन आल्यापासून तलाठी कार्यालयाच्या चकरा कमी झाल्या, हे मान्य करूनच लिहितो. आता सरकारी कामात एआय आणण्याची बोलणी सुरू आहेत. एआय एजंट नुसती उत्तरं देत नाही. अधिकार दिले तर नोंदी बदलतो, खोडतोही. तो आपल्या दप्तरात येण्याआधी एकच मागणं आहे. त्याला सातबारा वाचू द्या, लिहू देऊ नका.

समजा, त्याला सांगितलं, ‘नावांतला घोळ निस्तर.’ एका गटात सारख्याच नावाचे दोन सहहिस्सेदार आहेत आणि हस्तलिखितावरून नावं चढवताना एकाच्या बापाचं नाव राहून गेलंय. एजंटाला ती दुबार नोंद वाटेल आणि एक खातेदार कागदावरून नाहीसा होईल. पालघर तालुक्यात बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गासाठी जमिनी गेल्या. मोबदल्याच्या वेळी सगळे आधी सातबाराच उघडतात. इतर हक्कातला महसूल संहितेच्या कलम 36अ चा शेरा असाच ‘साफ’ झाला, तर आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीच्या घशात जायला वाट मोकळी.

ही नुसती भीती नाही. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या अमेरिकी कंपनीच्या एजंटाने, काहीही बदलू नकोस असं बजावलेलं असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. वर तो परत मिळणार नाही असंही सांगितलं, प्रत्यक्षात मिळाला. तात्पर्य, नुसती ताकीद म्हणजे कुलूप नव्हे.

कुलूप कसं असावं, हे 1966 च्या महसूल संहितेत आहेच. तलाठ्याने नोंद धरायची, नोटीस काढायची, हरकतीला पंधरा दिवस द्यायचे आणि मग सर्कलने (मंडळ अधिकाऱ्याने) मंजूर करायची. जुनं नाव पुसायचं नाही, कंसात ठेवायचं, ही दप्तराची रीत. धरणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा, हा या पद्धतीचा कणा आहे.

तोच नियम एजंटाला लावा. त्याचं लॉगिन फक्त वाचण्यापुरतं असावं, आणि ही मर्यादा सूचनेत न लिहिता डेटाबेसमध्येच घालावी. दुरुस्तीचा कच्चा मसुदा त्याने खुशाल करावा. पण डिजिटल सहीची डोंगल त्याच्या हाती कधीच नसावी. कलम 155 ची लेखनप्रमाद दुरुस्ती एकेका गटाची, माणसाने कागद पाहूनच व्हावी. ठोक दुरुस्ती बंद असावी. मसुदा एजंटाचा असेल तर फेरफारावर तसं छापावं आणि खातेदाराला नोटिशीसोबत एसएमएस जावा.

यात वेळ जाईल, हे खरं. पण उशिरा झालेल्या नोंदीसाठी माणूस तहसीलला खेटे घालतो. चुकून उडालेल्या नावासाठी त्याला वकील धरावा लागतो. हे नियम परिपत्रकाने आधी काढावेत, एजंटाची निविदा नंतर.

आपला,
एक खातेदार
मासवण, ता. जि. पालघर