कुलपाची चावी कामगाराच्या खिशात



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक तरुण गेला. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो ठेकेदाराकडे कामाला होता. हातात ग्राइंडर होता, शॉक बसला, मूठ सुटली नाही. मागे आई, बायको आणि बालवाडीत जाणारी मुलगी. जलदानविधीला जमलेली माणसे हळू आवाजात दोनच गोष्टी बोलत होती. "बिचाऱ्याचे नशीब" आणि "त्याचेच लक्ष नसेल."

नशीब हा शब्द आपण १९५६ साली नागपूरला टाकून आलो आहोत. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांचे सांगणे आपण दर रविवारी विहारात ऐकतो. मग या मरणाचीही कारणे पाहू. ग्राइंडरच्या वायरला दोन जोड, त्यावर चिकटपट्टी. प्लगच नव्हता. उघड्या तारा काड्यापेटीच्या काडीने सॉकेटमध्ये खोचलेल्या. म्हणजे अर्थिंगची तार कुठे जोडलेलीच नाही. फरशी ओली, पायात झिजलेली स्लीपर. यात नशीब कुठे बसते ते मला कुणी दाखवावे.

बोर्डावर एमसीबी होती, तरी ती पडली नाही. याचे सगळ्यांना आश्चर्य वाटले, म्हणून जरा थांबून सांगतो. १६ अँपिअरची एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून साधारण १० मिलिअँपिअर वाहिले की स्नायू आवळतात आणि हात सुटत नाही. ३० ते ५० मिलिअँपिअर काही क्षण छातीतून गेले तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. तेवढ्याशा प्रवाहाची एमसीबीला दखलही नसते. ती वायर जळू नये म्हणून असते. माणूस वाचावा म्हणून वेगळे उपकरण आहे, आरसीसीबी. जुने कामगार त्याला ईएलसीबी म्हणतात. गेलेला आणि परत आलेला प्रवाह ते सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पुरवठा क्षणार्धात तोडते. त्यावर एक टेस्टचे बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. दाबूनही बंद पडले नाही तर ती पेटी शोभेचीच समजा.

दुसरे मोठे कारण म्हणजे चालू लाईनवर काम. "दोन मिनिटांचे तर काम आहे, मेन कशाला पाडतोस?" हे वाक्य वागळे इस्टेटपासून अंबरनाथपर्यंत कुठल्याही कंपनीत ऐकू येते. किंवा मेन पाडतात, आत माणूस मशीनमध्ये हात घालून बसलेला असतो आणि बाहेरून दुसराच कुणी येऊन स्विच वर करतो. आपल्या कल्याणच्या रेल्वे कामगारांना यावरचा उपाय ठाऊक आहे. ओव्हरहेड तारेला हात लावण्याआधी ते पॉवर ब्लॉक घेतात, लेखी परवानगी मिळवतात आणि दोन्ही बाजूंना अर्थिंगचे दांडे अडकवतात. कारखान्यातही तेच करायचे. मेन बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावायचे. चार माणसे कामावर असतील तर चार कुलपे, आणि प्रत्येकाची चावी ज्याच्या त्याच्या खिशात. मुकादमाकडे नाही, साहेबाकडे तर मुळीच नाही. मग टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून घ्यायचा आणि नंतर बंद लाईनवर लावायचा. कपॅसिटर असेल तर मेन पाडल्यावरही त्यात वीज राहते, तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही.

एवढे साधे असून होत का नाही? राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला गेटवर बॅनर लागतो, शपथ होते, फोटो निघतो. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला डोंबिवलीत स्फोट झाले तेव्हा मंत्री आले, कॅमेरे आले. विजेने माणूस एकेकटा मरतो, त्याच्यासाठी कुणी येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत सुरक्षा अधिकारी लागतो तो ५०० कामगारांच्या कारखान्याला, धोक्याची प्रक्रिया असेल तर २५० च्या. आपली बारा-पंधरा जणांची वर्कशॉपे त्यात कुठेच नाहीत. पण विजेच्या सुरक्षेचे २०२३ चे केंद्रीय विनियम माणसे मोजत बसत नाहीत. थ्री-फेज जोडणी असली की अर्थ लीकेजचे उपकरण हवेच. कारखान्यात शॉक लागल्यावरच्या उपचाराचा तक्ताही लागतो, आणि तो मराठीतही हवा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याच खात्यात होता. आठवड्याचे ४८ तास ठरवणारे १९४६ चे विधेयक त्यांनीच मांडले. वीज आणि कामगार एकाच टेबलावर पाहणारा माणूस आपला होता. आता निदान युनियनच्या मीटिंगमध्ये पगारवाढीच्या शेजारी आरसीसीबी आणि कुलपांची मागणी लिहा. युनियन नसेल तर चार-पाच जण मिळून मालकापुढे लेखी ठेवा, तारीख घाला आणि प्रत जपून ठेवा.

भगिनींनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. घरात किंवा शेजारी कुणी विजेला चिकटला तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला सारा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, जोराने दाबत राहा. आणि आज रात्री जेवताना मुलाला विचारा, नवऱ्याला विचारा. तुमच्या बोर्डावर टेस्टचे बटन आहे का? मशीन उघडतोस तेव्हा कुलूप कुणाचे असते? ईएसआयचा नंबर कुठे लिहून ठेवला आहेस? त्या तरुणाच्या बायकोला हा शेवटचा नंबर अजून सापडलेला नाही. ठेकेदार म्हणतो, तो माझ्याकडे कामालाच नव्हता.