धोतर कधी सुटले होते?

दिवाळी अंक घरात आला की तो आधी कोणी वाचीत नाही, चाळतात. फराळाच्या ताटाशेजारी तो उघडा पडतो आणि पोरासोरांपासून आजीपर्यंत सगळे चित्रे पाहून घेतात. म्हणूनच माझे भांडण चित्रांशी आहे.

ग्रामीण कथा छापायची म्हटली की तिच्या माथ्यावर एक ठरीव खेडूत बसवायचाच! कानापर्यंत फाटलेले तोंड, डोक्याच्या दुप्पट मुंडासे, सुटू घातलेले धोतर आणि त्याचा सोगा ओढणारी शेळी. कथेतला माणूस कर्जापायी मरत असला तरी शेळी येतेच.

आमचे केम हे कुंकवाचे गाव. कारखान्यात राबणाऱ्यांचे हात कितीही धुतले तरी तांबडेच. अशाच एका म्हाताऱ्यावर मी कथा लिहिली. बायको गेली तरी गावोगावच्या सवाशिणींसाठी कुंकू करीत राहिलेला माणूस. अंक आला. पाहतो तो, वर शेळी! म्हाताऱ्याला अक्षरओळख नाही. नातवाने त्याला चित्र दाखविले. उत्तरेश्वराच्या देवळापाशी गाठून तो मला एवढेच म्हणाला, "मास्तर, माजं धोतर कवा सुटलं हुतं?"

मी कथेतला जिव्हाळा समजावू लागलो. पण त्याला वाचता येण्याजोगे त्या पानावर एक चित्रच होते, आणि ते खोटे होते.

"विनोद आहे हो, हसा की!" म्हणणारे भेटतात. मी मॅट्रिकवर थांबलेला असलो तरी विनोदाचे मला वावडे नाही. मिरासदारांचे अकलूज आमच्याच जिल्ह्यातले. पण हसायचे कोणाला, हे तरी ठरवा! व्हिक्टोरिया राणीच्या काळात सर्टीज नावाच्या लेखकाच्या खेड्यातल्या कादंबऱ्यांना जॉन लीचने चित्रे काढली. 'हँडली क्रॉस'चा नायक लंडनचा किराणा व्यापारी, कोल्ह्याच्या शिकारीचा शौकीन. अडून बसलेले घोडे ओढताना त्याची उडालेली त्रेधा लीचने झकास टिपली आहे. लीचने खेडुतांना सोडले असे नव्हे. पण तिथे हसण्याचा पहिला मान शहरातून आलेल्या पाहुण्याचा. आमच्याकडे पाहुणाच हसतो, आणि हसे होते ते घरधन्याचे!

चित्रकार बंधू रागावतील. रागावोत. मात्र सगळा दोष त्यांचा नाही. १८३६ साली सेमूरच्या विनोदी चित्रांना मजकूर पुरवायला चोविशीच्या डिकन्सला बोलावले, तेव्हा चित्रांनी मजकुरामागून यावे असा त्याने हट्ट धरला आणि 'पिकविक' झाले. आम्ही ग्रामीण लेखकांनी असा हट्ट कधी धरला? मीदेखील मानधन घेतले आणि गप्प बसलो.

व्यंकटेश माडगूळकर स्वतः चित्रे काढीत; माणसे पाहिलेल्या हाताला शेळी लागत नाही. चित्रकारांना खेडी पाहायला सवड नसते म्हणे. केम काही आडरानात नाही, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन आहे. उतरून बघावे.

यंदा दुसऱ्या एका अंकाला कथा पाठविताना मी संपादकांना लिहिले, म्हाताऱ्याचे नुसते हात काढा. जमत नसेल तर जागा कोरी सोडा. हे लिहीपर्यंत त्यांचे उत्तर आलेले नाही.