तिजोरी विकत घ्यावी, पहारा पगारावर ठेवावा

रायपूरच्या सदर बाजारातील सराफी पेढीचे रक्षण एके काळी तीन गोष्टींवर अवलंबून असे: भक्कम तिजोरी, दणकट कुलूप आणि रात्री दाराशी बसणारा चौकीदार. आज त्याच पेढीत भिंतीवर कॅमेरे आहेत, चित्रण साठविणारे यंत्र आहे, बोटाच्या ठशाने उघडणारा दरवाजा आहे आणि हिशेबाच्या संगणकावर विषाणूरोधक प्रणाली आहे. पंडरीच्या कापड बाजारात आणि उरला-सिलतराच्या कारखान्यांतही हेच चित्र दिसते. या साऱ्या साधनांच्या मागे सॉफ्टवेअर आहे, आणि ते घेताना प्रत्येक व्यापाऱ्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो: एकदाच पूर्ण किंमत मोजावी की दरवर्षी वर्गणी भरावी?

बहुतेक वेळा हा प्रश्न केवळ किमतीचा म्हणून सोडविला जातो. म्हणून प्रथम किमतीचाच हिशेब पाहणे इष्ट ठरेल. केवळ समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. एका प्रणालीची एकरकमी किंमत ६०,००० रुपये आहे आणि दुसऱ्या वर्षापासून देखभालीसाठी वार्षिक ९,००० रुपये लागतात. तशाच दुसऱ्या प्रणालीची वर्गणी वर्षाला १८,००० रुपये आहे. पाच वर्षांत पहिलीवर ९६,००० रुपये खर्च होतात, तर दुसरीवर ९०,०००. सहाव्या वर्षी पारडे फिरते: पहिली १,०५,०००, दुसरी १,०८,०००. मात्र वर्गणी दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत गेली, तर पाचव्याच वर्षी तिची बेरीज सुमारे १,१०,००० रुपयांवर जाते. तात्पर्य, पहिल्या वर्षीचा आकडा पाहून निर्णय घेणे फसवे आहे. निदान पाच वर्षांची बेरीज मांडावी आणि दरवाढीची अट करारात शोधावी.

हिशेबाच्या वहीतही दोन्ही खर्चांची जागा वेगळी असते. एकरकमी घेतलेले सॉफ्टवेअर ही सामान्यतः मालमत्ता ठरते आणि तिच्यावर घसारा मिळतो. आयकरासाठी संगणक व संगणकीय सॉफ्टवेअरवरील घसाऱ्याचा दर पूर्वी ६० टक्के होता, तो २०१७-१८ या वित्तीय वर्षापासून ४० टक्के करण्यात आला. वार्षिक वर्गणी मात्र बहुधा त्या त्या वर्षाचा महसुली खर्च म्हणून वजा होते. खेळते भांडवल तोकडे असलेल्या लहान व्यापाऱ्याला वर्गणी सोयीची वाटते, यात नवल नाही.

परंतु हिशेब इथे संपत नाही. तिजोरी आणि सॉफ्टवेअर यांत एक मूलभूत भेद आहे. तिजोरीचे पोलाद वीस वर्षांनीही पोलादच राहते. सॉफ्टवेअरचा शत्रू मात्र रोज नवी किल्ली घडवीत असतो. पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी गणकयंत्र दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९९५ साली विषाणूरोधक सॉफ्टवेअर बाजारात आणले. पुढे ‘क्विक हील’ या नावाने ते देशभर पोहोचले. त्याचा खोका दुकानातून विकत मिळतो, पण आतील परवान्याला एक वा तीन वर्षांची मुदत असते. ग्राहक वस्तू विकत घेतल्याच्या समाधानात असतो. प्रत्यक्षात त्याने ठरावीक मुदतीचा पहारा घेतलेला असतो. आणि ते योग्यही आहे, कारण कालच्या विषाणूंची यादी आजच्या विषाणूला अडवू शकत नाही.

याची किंमत जगाने मोजली आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने अनेक देशांतील संगणक कुलूपबंद केले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच उपलब्ध केली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते सापडले. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ने तर रक्षकालाच चोर बनविले. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले, इंटरनेटला जोडलेले असंख्य कॅमेरे व चित्रणयंत्रे त्याने ताब्यात घेतली आणि त्यांच्याकरवी हल्ला चढविला. अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास अनेकांना मिळेनाशा झाल्या. एकदा विकत घेऊन भिंतीवर विसरलेला कॅमेरा हा असा बेवारस पहारेकरी असतो. त्याला कोणीही कामाला लावू शकतो.

तर मग वर्गणीच सर्वथा श्रेयस्कर का? तसेही म्हणता येत नाही. येथे बँकेच्या लॉकरचे उदाहरण उद्बोधक ठरेल. लॉकर हीसुद्धा वर्गणीवरची सुरक्षाच आहे. भाडे थकले तर काय होईल, हे तेथे आधीच ठरलेले असते. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांत याची सविस्तर तरतूद करण्यात आली. सलग तीन वर्षे भाडे न आल्यास बँकेला लॉकर उघडता येतो. पण त्यापूर्वी भाडेकऱ्याला नोटीस द्यावी लागते, उघडताना बँकेच्या अधिकाऱ्याबरोबर दोन स्वतंत्र साक्षीदार असावे लागतात आणि वस्तूंची यादी करावी लागते. आग, चोरी वा कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे नुकसान झाल्यास वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतके दायित्व बँकेवर ठेवण्यात आले. स्ट्राँगरूममध्ये ये-जा करणाऱ्यांचे चित्रण किमान १८० दिवस जपण्याचे बंधनही त्यात आहे.

आता कॅमेऱ्याच्या चित्रणाचा विचार करावा. ते विक्रेत्याच्या दूरस्थ संगणकावर साठविले जात असेल आणि वर्गणी भरण्याची तारीख चुकली, तर ते किती दिवस राहील? नोटीस येईल काय? ज्या रात्री चोरी झाली, त्या रात्रीचे चित्रण थकबाकी भरून परत मिळेल, की पुसले गेलेले असेल? चित्रण हा पोलिसांपुढे आणि न्यायालयापुढे मांडावयाचा पुरावा असतो. तो कोणाच्या ताब्यात आहे आणि किती दिवस, हा प्रश्न किमतीहून मोठा आहे. पुष्कळ करारांत याचे उत्तर बारीक अक्षरांत असते, आणि विक्रेत्याचे दायित्वही बहुधा भरलेल्या शुल्कापुरतेच मर्यादित केलेले असते.

एकरकमी खरेदीही या धोक्यातून सर्वस्वी सुटत नाही. घरातील उपकरणे चालविणारे ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे यंत्र अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरला, आजीवन सेवेच्या आश्वासनासह विकले गेले. कंपनीची मालकी बदलली आणि मे २०१६ मध्ये दूरस्थ सेवा बंद करण्यात आली. ग्राहकांच्या घरातील यंत्रे निरुपयोगी झाली. ‘आजीवन’ म्हणजे ग्राहकाचे आयुष्य नव्हे, सेवेचे आयुष्य, हे तेव्हा अनेकांना कळले.

या दोन टोकांमधला मार्ग व्यापाऱ्यांच्या परिचयाचाच आहे. दुकानोदुकानी वापरल्या जाणाऱ्या ‘टॅली’चा कायम परवाना एकदा घेता येतो, नव्या सुधारणांसाठी वार्षिक सेवाशुल्क असते. ते नूतनीकृत केले नाही, तरी हाती असलेली आवृत्ती चालू राहते आणि जुन्या वह्या उघडता येतात. सुधारणा थांबतात, पण मालकाचा माल मालकापाशीच राहतो. सुरक्षा प्रणालीलाही हाच निकष लावावा. जे संथपणे जुने होते, म्हणजे कॅमेरे, चित्रणयंत्र, तारा, कुलपे, ते विकत घ्यावे आणि चित्रणाची एक प्रत आपल्या आवारात ठेवावी. जे रोज बदलत्या शत्रूशी झुंजते, म्हणजे विषाणूरोधक व त्रुटीदुरुस्ती, त्याला वर्षाचे वेतन द्यावे आणि त्यात काटकसर करू नये. तिजोरी भाड्याने आणणे आणि चौकीदाराला एकदाच पगार देऊन आयुष्यभर जागण्याची अपेक्षा करणे, दोन्ही सारखेच अव्यवहारी आहे.

करारावर सही करण्यापूर्वी व्यापाऱ्याने तीन उत्तरे लेखी घ्यावीत. पैसे थांबले, त्या दिवशी प्रणालीचा कोणता भाग चालू राहील? साठविलेले चित्रण व नोंदी किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत मिळतील? सुरक्षेच्या सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळत राहतील? विक्रेता तोंडी हमी देत असेल, पण कागदावर लिहून द्यायला कचरत असेल, तर तेच त्याचे उत्तर समजावे.

वर्गणी खात्यातून वा कार्डावरून आपोआप वळती होत असेल, तर त्या व्यवस्थेवरही नजर हवी. रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेट नियमांनुसार रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळते. तो संदेश न वाचता पुसून टाकणारा ग्राहक दोन्हीकडून नुकसान सोसतो: नको असलेली वर्गणी चालू राहते, आणि कार्डाची मुदत संपल्याने हवी असलेली नकळत खंडित होते. सुरक्षा सेवांच्या नूतनीकरणाच्या तारखा विम्याच्या हप्त्यांशेजारीच लिहून ठेवाव्यात.

बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नसतो, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. आजच्या काळात त्याला एवढीच पुस्ती जोडावी लागते की, झोपा बांधताना त्याच्या दाराची किल्ली कोणाजवळ राहणार, हेही त्याच दिवशी ठरवून घ्यावे.