हृदयक्रिया बंद पडल्यावर

मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत एक वाक्य वर्षानुवर्षे छापले जात आहे. अमुक यांचे हृदयक्रिया बंद पडल्याने निधन झाले, एवढेच ते वाक्य. वाचणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. हृदय थांबले म्हणजे माणूस गेला, इतकी ही दोन विधाने एकमेकांना चिकटलेली आहेत. वैद्यकशास्त्राने मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत ती एकमेकांपासून सोडवली आहेत. हृदयक्रिया बंद पडणे आणि निधन होणे यांच्यामध्ये काही मिनिटे असतात आणि त्या मिनिटांत शेजारी उभा असलेला माणूस काय करतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ही मिनिटे कशी असतात, हे १२ जून २०२१ रोजी कोट्यवधी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले.

युरोपीय फुटबॉल स्पर्धेतील डेन्मार्क आणि फिनलंड यांचा सामना कोपनहेगनच्या पार्केन मैदानावर चालू होता. पूर्वार्ध संपत आला असताना डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन चेंडू घ्यायला पुढे झाला आणि कोणाचाही धक्का लागला नसताना कोसळला. पंच अँथनी टेलर यांनी खेळ थांबवून तत्काळ वैद्यकीय पथकाला बोलावले. छातीवर दाब देण्यास सुरुवात झाली. कर्णधार सिमॉन केअर याने सहकाऱ्यांना एरिक्सनभोवती उभे केले. त्यांतील बहुतेकांनी त्याच्याकडे पाठ केली होती आणि कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. कॅमेऱ्यांपासून आपल्या मित्राला झाकण्यासाठी त्यांनी हे कडे केले होते. विजेचा एक धक्का दिल्यावर एरिक्सनचे हृदय पुन्हा चालू झाले. संघाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी स्पष्टच सांगितले, की तो गेलेलाच होता. पुढे त्याच्या शरीरात हृदयाची गती सांभाळणारे छोटे यंत्र बसवण्यात आले आणि २९ मार्च २०२२ रोजी त्याच पार्केन मैदानावर, सर्बियाविरुद्ध, त्याने गोलही केला.

या घटनेला अनेकांनी चमत्कार म्हटले. तो शब्द वापरणाऱ्यांची भावना समजण्यासारखी आहे, पण त्याने दिशाभूल होते. चमत्कार म्हटला की त्याची तयारी करण्याचे कारण उरत नाही.

वस्तुतः घडले ते असे. हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूला होणारा रक्तपुरवठा अडतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, छातीत कळ येते, घाम सुटतो. हृदयक्रिया अचानक बंद पडते तेव्हा मात्र पुष्कळदा हृदयातील विजेची लय बिघडलेली असते. हृदय आकुंचन-प्रसरण पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते, मेंदूकडे रक्त जात नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. डिफिब्रिलेटर नावाचे यंत्र या थरथरणाऱ्या हृदयाला विजेचा धक्का देऊन क्षणभर शांत करते, म्हणजे त्याची स्वतःची लय परत येण्यास वाव मिळतो. चित्रपटांत पडद्यावरची रेघ सरळ झाली की डॉक्टर धक्का देताना दिसतात. ते चूक आहे. पूर्ण निश्चल झालेल्या हृदयाला त्या धक्क्याचा उपयोग नसतो. हृदय थरथरत असते तोवरच धक्क्याला अर्थ आहे, आणि छातीवर दाब देत राहणे ही ती वेळ लांबवण्याची युक्ती आहे. दाब किंवा धक्का यांपैकी काहीच न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते.

ही युक्ती सापडली तीही काहीशी योगायोगाने. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन हे वयोवृद्ध विद्युत अभियंते कुत्र्यांवर विजेच्या धक्क्याचे प्रयोग करीत होते. त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आले, की यंत्राच्या जड तबकड्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब किंचित वाढतो. तोपर्यंत बंद पडलेले हृदय चालवायचे म्हणजे छाती उघडून ते हाताने दाबावे लागे. १९६० साली कौवेनहोवेन, निकरबॉकर आणि शल्यविशारद जेम्स ज्यूड यांनी न उघडलेल्या छातीवर दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला लागणारे साहित्य म्हणजे दोन हात. पुढे बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ च्या सुमारास डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत नेला. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे ते यंत्र सुमारे सत्तर किलो वजनाचे होते. आजचे यंत्र दप्तराएवढे असते, काय करावे ते बोलून सांगते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. शिकागोच्या विमानतळांवर अशी यंत्रे भिंतींवर लावली, तेव्हा दोन वर्षांत हृदय थरथरून कोसळलेल्या १८ जणांपैकी ११ जण शुद्धीवर आणता आले. त्या अकरांपैकी सहा जणांना वाचवणाऱ्यांनी हे यंत्र चालवण्याचे शिक्षण कधी घेतलेले नव्हते. अर्थात त्यांतले तिघे डॉक्टर होते, हेही सांगितले पाहिजे.

पार्केन मैदानावर डॉक्टर होते, यंत्र होते. गावच्या एसटी स्थानकावर, कचेरीत, लग्नाच्या मांडवात यांपैकी काही नसते. म्हणून डेन्मार्कची खरी गोष्ट मैदानाबाहेर शोधली पाहिजे. त्या देशाने २००५ पासून शाळांत आणि २००६ पासून वाहनचालक परवान्यासाठी प्रथमोपचाराचे व छातीवर दाब देण्याचे शिक्षण आवश्यक केले. २००१ साली रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया बंद पडलेल्या शंभरातील सुमारे एकवीस जणांनाच जवळच्या माणसाकडून अशी मदत मिळत होती. २०१० साली हे प्रमाण जवळजवळ पंचेचाळीसवर गेले. तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण याच काळात साडेतीन टक्क्यांवरून सुमारे अकरा टक्क्यांवर पोहोचले. रुग्णवाहिका आणि रुग्णालये यांतील सुधारणांचाही त्यात वाटा असणार. आणि अकरा टक्के म्हणजे शंभरातील एकोणनव्वद वाचले नाहीत, हे विसरून चालणार नाही. तरीही पूर्वीच्या तिप्पट माणसे घरी परतली.

आपल्याकडे काय होते? माणूस कोसळला की गर्दी जमते. कोणी तोंडात पाणी ओततो, कोणी फेफरे समजून नाकाला कांदा किंवा चप्पल लावतो, कोणी रिक्षा बोलावण्यासाठी धावतो. हेतू सर्वांचा चांगलाच असतो. पण बेशुद्धाच्या तोंडातले पाणी फुप्फुसात जाऊ शकते, आणि रिक्षात अंग दुमडून बसवलेल्या माणसाच्या छातीवर दाब देता येत नाही. सर्वांत घातक गैरसमज घरघरीचा आहे. घरघर लागली की तो शेवट, अशी आपली समजूत आणि त्यावेळी ओठांवर तुळशीपत्र व गंगाजल ठेवण्याची चाल. नव्वदी गाठलेल्या, दीर्घ आजाराने थकलेल्या वृद्धाच्या उशाशी ती चाल योग्यच आहे. त्याची छाती दाबण्यात दया नाही. पण पंचेचाळीस वर्षांचा कारकून टेबलापाशी कोसळून आचके देऊ लागला, तर ती घरघर म्हणजे चालू असलेला श्वास नव्हे. हृदय नुकतेच बंद पडले आहे आणि दाब देण्याची हीच वेळ आहे, असे ती सांगत असते.

मैदानांचा अनुभवही बोलका आहे. गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि वाचला नाही. मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेवर तेव्हा कडक टीका झाली. योग्य मदतीने तो वाचलाच असता असे कोणी म्हणू शकणार नाही; ती मदत वेळेवर मिळायला हवी होती, एवढे म्हणता येते.

लोक पुढे होत नाहीत याचे एक कारण पोलीस आणि न्यायालय यांची धास्ती हे आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ते संरक्षण आले. ते रस्त्यावरील अपघातांपुरते आहे. तथापि, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या हितासाठी सद्‌भावनेने केलेली कृती अपराध ठरत नाही, हे तत्त्व भारतीय दंड संहितेत होतेच. आताच्या भारतीय न्याय संहितेच्या तिसाव्या कलमातही ते आहे. दुसरी भीती बरगडी मोडण्याची. ती मोडू शकते. पण मोडलेली बरगडी पुढे जुळते. तिसरी अडचण उघड बोलली जात नाही. परक्या स्त्रीच्या छातीला हात लावायचा कसा, या संकोचात पुढे होणारे हात मागे राहतात. परदेशांतील पाहण्यांतही सार्वजनिक जागी कोसळलेल्या स्त्रियांना अशी मदत कमी मिळते असे आढळले आहे. मग आपल्याकडची स्थिती काय असेल, याचा तर्क कोणीही करावा.

रुग्णालयाच्या दाराशी आणखी एक गोष्ट घडते. आत प्रयत्न चालू असताना नातलगांना बाहेर काढले जाते आणि थोड्या वेळाने 'आम्ही पुष्कळ प्रयत्न केले' एवढे सांगितले जाते. न पाहिलेल्या प्रयत्नांवर विश्वास कसा ठेवावा? डॉक्टरांवर हात उगारला जाऊ नये म्हणून महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, त्यामागील अविश्वासाचा काही भाग या बंद दारामागे असू शकेल. फ्रान्समध्ये ५७० नातलगांची पाहणी करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना हे प्रयत्न पाहण्याची मुभा दिली, त्यांच्यात पुढे मानसिक आघाताची लक्षणे कमी आढळली. डॉक्टरांच्या कामात व्यत्यय आला नाही, की खटलेही झाले नाहीत. आपल्या रुग्णालयांतील गर्दी पाहता सर्वांना आत घेणे अशक्य आहे. एकाला, शेजारी परिचारिका उभी करून, घेता येईल.

शिकायचे तरी किती? माणूस हाक मारून हालत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. दुसऱ्याने त्याला सपाट, कठीण जागी उताणे निजवून छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. तोंडाने श्वास देण्याचा संकोच वाटत असेल तर तो देऊ नये. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीवर दाब देण्याचीच पद्धत सुचवली आहे. हे काम दमवणारे असते, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. जमलेल्या गर्दीचा एवढा उपयोग निश्चित आहे.

हे वाचून येत नाही, हाताला सवय लागावी लागते, आणि ती सवय लावण्याची जागा शाळा हीच आहे. डेन्मार्कमध्ये २००५ च्या सुमारास बारा ते चौदा वर्षांच्या पस्तीस हजार मुलांना सरावासाठी छोटे पुतळे घरी नेण्यास दिले, तेव्हा प्रत्येक मुलाने घरातील सरासरी अडीच माणसांना शिकवले. पुढच्या काही महिन्यांत आकड्यांत फरक दिसला नाही; तो दिसायला वर्षे गेली. कायदा होऊनही तेथील सर्व शाळांत हे शिक्षण बराच काळ पोहोचले नव्हते, कारण ते कोणी शिकवायचे याबद्दल शिक्षकांनाच खात्री नव्हती. महाराष्ट्रात सुरुवात करायची तर आधी शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांत यासाठी दोन तास राखून ठेवावे लागतील, तालुक्यागणिक काही पुतळे द्यावे लागतील आणि ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर किंवा परिचारिकेला वर्षातून एकदा शाळेत पाठवावे लागेल. कवायतीचा तास वेळापत्रकात आहेच.