रस्ता तटस्थ नव्हताच

मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या सोळाव्या रस्त्यावर जॅकहॅमर चालले आणि ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ ही अवाढव्य पिवळी अक्षरे उखडली गेली. एका बाजूचे म्हणणे, बरे झाले, सार्वजनिक रस्ता म्हणजे कुणाच्या घोषणांचा फळा नव्हे. दुसऱ्या बाजूची हळहळ अशी की चळवळीची निशाणीच पुसली. मला दोन्ही म्हणणी अमान्य आहेत, आणि आधी समाचार घ्यायचा तो हळहळीचा, कारण ती आपल्या माणसांची आहे.

ती अक्षरे चळवळीची होतीच किती? मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यानंतर, ५ जून २०२० रोजी, ती रंगवली गेली महापौर म्युरिएल बाउझर यांच्या आदेशावरून. शहरातल्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’च्या शाखेने तेव्हाच ठणकावले होते की हा देखावा आहे, खऱ्या धोरणबदलावरून लक्ष उडवणारा. आंदोलकांनी तर शेजारीच पोलिसांचा निधी काढून घेण्याची मागणी स्वतःच्या हाताने रंगवून टाकली. पुढे जॉर्जियाच्या एका खासदाराने अक्षरे न पुसल्यास शहराचा वाहतूक-निधी रोखण्याचे विधेयक मांडले आणि महापौरांनी माघार घेतली. ज्या हाताने रंगवले त्याच हाताने खोदले. यात चळवळ हरली नाही. हुकुमाने आलेला रंग हुकुमाने गेला, इतकेच.

आता तटस्थतेचे. हा युक्तिवाद सर्वांत सभ्य दिसतो, म्हणून त्याला ओक्लाहोमातल्या टल्साला नेऊन पाहावे. तिथल्या ग्रीनवुड वस्तीत जून २०२० मध्ये लोकांनी परवान्याविना रस्त्यावर हेच तीन शब्द रंगवले. मग पोलिसांच्या समर्थनाचा मजकूर रंगवायलाही कुणी परवानगी मागितली. शहराच्या वकिलांनी सांगितले, एकाला मुभा दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. ऑक्टोबरमध्ये अक्षरे काढली. कायद्याच्या चौकटीत हे बसते, नाही म्हणत नाही. पण ‘रस्ता कुणाची बाजू घेत नसतो’ हे वाक्य निदान ग्रीनवुडमध्ये तरी कुणी उच्चारू नये. १९२१ साली गोऱ्या जमावाने ही भरभराटीची काळी पेठ दोन दिवसांत जाळली, पस्तीसेक ब्लॉक बेचिराख केले. लोकांनी ती पुन्हा उभी केली, तर पुढे त्याच वस्तीच्या मधून आंतरराज्य महामार्ग २४४ काढला. डांबराने बाजू केव्हाच घेतली होती. रंग आला तो नंतर.

राहिला तिसरा आक्षेप: भिंती रंगवून काय होते? आणि रंगवलेल्या घोषणेत कला कुठे आली? याला उत्तर शिकागोत आहे. १९६७ साली शहराच्या दक्षिण भागात, त्रेचाळिसावा रस्ता आणि लँग्ली अव्हेन्यूच्या नाक्यावर, विल्यम वॉकर आणि ओबासी या गटातल्या चित्रकार-छायाचित्रकारांनी एका जुन्या इमारतीची बाजू रंगवली. नाव ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’. तिच्यावर मुहम्मद अली, नीना सिमोन, डू बॉइस, माल्कम एक्स. मार्टिन ल्यूथर किंग मात्र नाहीत! ते जिवंत होते, जगप्रसिद्ध होते. तरी घेतले नाहीत. सरकारी समितीने ही यादी कधीच मंजूर केली नसती. आपले थोर कोण हे वस्तीशी बोलून, वस्तीच्या भिंतीवर ठरत होते. मुंबईत १९७२ साली ज्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथरने नाव घेतले, त्या पिढीचीच ही भिंत.

आणि ही भिंत काही गोडीगुलाबीने नांदली नाही. नॉर्मन पॅरिश यांनी रंगवलेला भाग त्यांना न विचारता पांढरा फासून दुसऱ्याकडून नव्याने रंगवून घेतला गेला. पॅरिश यांच्यावर तो अन्यायच झाला, त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण भांडण झाले ते भिंत आपली वाटली म्हणून. सोळाव्या रस्त्यावरच्या पिवळ्या अक्षरांत कोणाचा चेहरा घ्यावा, कोणाचा गाळावा, हा प्रश्नच नव्हता. भांडायला जागाच नव्हती.

१९७१ मध्ये आग लागली, पुढे इमारत पाडली गेली. भिंत जेमतेम चार वर्षे टिकली. तेवढ्यात डेट्रॉइटला ‘वॉल ऑफ डिग्निटी’ उभी राहिली आणि वॉकर यांनी स्थापनेत भाग घेतलेला शिकागोचा भित्तिचित्रकारांचा गट आजही, नाव बदलून, काम करतो आहे. ‘काय होते’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा जमेस धरावे.

असे रंगवलेले जपायचे कोणी, याचे उत्तर मिनियापोलिसमध्ये आहे. २०२०च्या त्या दिवसांत तिथल्या दुकानदारांनी आंदोलकांच्या धास्तीने काचांवर प्लायवुड ठोकले. ज्यांची धास्ती होती त्यांनीच त्या फळ्यांवर चित्रे काढली. काचा पुन्हा उघड्या झाल्या तेव्हा फळ्या कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून ‘मेमोरिअलाइझ द मूव्हमेंट’ या गटाने त्या शेकड्यांनी गोळा केल्या, जपल्या, लोकांपुढे मांडल्या. हे काम महापालिकेने करायला हवे होते का? माझ्या मते नाही. महापालिकेने गोदाम द्यावे, भाडे भरावे, आणि कोणती फळी ठेवायची या वादात तोंड घालू नये.